जातो म्हणू नये

तळ्यावरून निघालं की रस्ता तळ्यावरच येऊन संपायचा. पहिल्यांदा मधे तीन तास लागले. जयवंतनं गाडी घाट चढवून पलीकडं उतरवली, दोन बोगदे ओलांडले, एका पंपावर थांबून सगळ्यांनी पाय मोकळे केले. तिसऱ्या बोगद्यातून बाहेर पडल्याबरोबर समोर तेच तळं, तेच लाकडी घर, आणि दारात हात पुसत उभी असलेली तीच घरमालकीण. आत टेबलावर पाच कप मांडलेले होते. चहातून वाफ निघत होती.

"रस्ता चुकलास," हौसाबाई मुलाला म्हणाल्या.

"नाही आई. फोन दाखवत होता तसाच आलो."

"फोनला काय कळतंय? त्यानं कधी बार्शी बघितलीय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले आणि दोन तासांत परत आले. तिसऱ्या दिवशी उलटा रस्ता धरला, खिंडीतून, जिथं गाईंच्या गळ्यात तांब्याएवढ्या घंटा होत्या. सव्वा तास. दर वेळी घरमालकीण दारात, दर वेळी पाच कप.

हौसाबाई नलवडे बार्शीच्या. सव्वीस वर्षं त्यांनी एकटीनं मिरची कांडपाचं मशीन चालवलं. तिखटाच्या धुराळ्यात वाढलेला मुलगा इंजिनियर झाला, कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी ह्या थंड देशात पाठवलं, त्यानं आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि सुट्टीचे दहा दिवस काढायला सगळ्यांना डोंगरातल्या ह्या तळ्यावर आणलं. सगळ्यांना म्हणजे आई, बायको प्रणोती आणि नऊ वर्षांची गार्गी. तळं इतकं निळं होतं की पहिल्या दिवशी काठावर उभ्या राहून हौसाबाई म्हणाल्या होत्या, "एवढी नीळ कुणी ओतली? अंदाज नाही मेल्यांना." तळं त्यांना आवडलं होतं. आवडलं असं म्हणायची मात्र त्यांना सवय नव्हती.

घरमालकिणीचं नाव आग्नेस. हौसाबाईंनी पहिल्याच सकाळी तिची आग्नेयी करून टाकली. "स्वयंपाकघराची दिशा आहे, लक्षात राहील." आग्नेयी बुटकी, जाड लोकरी मोज्यांतली, हौसाबाईंच्याच वयाची बाई होती. दिवसातून दहा-बारा शब्द बोलायची आणि तेही झाकण लावल्यासारखे.

दहाचे चौदा दिवस झाले. चौदाव्या दिवशी प्रणोतीनं कप बशीत आपटला. "हिला रोज कसं कळतं आपण येणार ते?"

गार्गी इथल्या शाळेत शिकत होती, तिला इथली भाषा यायची. तिनं आग्नेयीला विचारलं आणि ऐकून घेतलं.

"ती म्हणते, तुम्हीच सांगितलं."

"आम्ही? कधी?"

"निघताना. आपण दारात वळून म्हणालो ना, येतो. तिनं मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. आम्ही येतो."

आग्नेयी आणखी एक वाक्य बोलली आणि ओट्याकडं वळली.

"म्हणते, म्हणून तर तिनं पलंगावरच्या चादरी काढल्या नाहीत. येणाऱ्या माणसांचं अंथरूण काढत नाहीत."

निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे कुठल्याही मराठी घरात पोरांना बोबड्या वयातच शिकवतात. नलवड्यांच्या घरात प्रकरण त्याच्या बरंच पुढं सरकलं होतं. हौसाबाईंचे यजमान सोपानराव रोज सकाळी उंबऱ्यावर चप्पल चढवताना "येतो गं" म्हणायचे. सव्वीस वर्षांपूर्वी एका बुधवारी ते "जातो" म्हणाले. मशीनचा पट्टा तुटला होता, तो आणायला कुर्डुवाडीला निघाले होते. हौसाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. टोकायला तोंड उघडलं, आणि शिंक आली. शिंकेतून मान वर करेपर्यंत उंबरा रिकामा झाला होता. तो आजतागायत रिकामा होता.

त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला, आणि त्याची सगळी भावंडंही. दूध उतू यायचं. वीज रुसायची. शाळेला निघायचं, लग्नाला पोचायचं. कुणी मेलं तर सरळ मेलं म्हणायचं. त्याऐवजी दुसरा शब्द वापरणाऱ्या एका भाच्याला हौसाबाईंनी भरल्या ताटावरून उठवलं होतं. कुंकू त्या अजून लावत. आपला माणूस मेलेला नाही, तो फक्त आलेला नाही, ह्यातला फरक त्या रोज सकाळी कपाळावर काढत. शाळेत त्या छत्रीच्या छपर्यंत पोचल्या होत्या. पुढचा जहाजाचा ज यायच्या आठवड्यात वडिलांनी त्यांना म्हशींमागं धाडलं. त्यामुळे तो शब्द त्यांना लिहिताही येत नव्हता, आणि त्याची त्यांना खंत नव्हती.

आता कारण कळल्यावर जयवंतनं इंजिनियरासारखे प्रयोग सुरू केले. न बोलता निघून बघितलं. तासाभरात परत, आधीचं बोललेलं शिल्लक होतंच. इंग्रजीत निरोप घेऊन बघितला. गाडी सुरूच झाली नाही.

"जाऊन येतो म्हणा ना," गार्गी म्हणाली. "ते तर आजीपण म्हणू देते."

खरं होतं. शेवटाला 'ये' असल्यानं त्या शब्दाला गाठ बसते, तो सुटत नाही, असं हौसाबाईंचं म्हणणं होतं. जयवंत दारात उभं राहून "जाऊन येतो" म्हणाला. रस्त्यानं त्याला खिंडीतल्या दुकानापर्यंत सोडलं, दूध, पाव आणि बटाटे घेऊ दिले, आणि परत आणलं. त्यानंतर सामान आणायला ते तोच शब्द वापरू लागले. सामानाची सोय झाली. सुटकेची नाही.

परतण्यागणिक रस्ता आखडत होता. तासाचा अर्धा झाला, अर्ध्याची दहा मिनिटं. बोगदे एकेक करून गळले. खिंड अंगणाच्या फाटकापाशी आली. तिथल्या गाई मान लांब करून खिडकीतली फुलं खाऊ लागल्या. आणि तळं पुढं सरकत होतं. पूर नव्हता, पाणी चढलेलंही नव्हतं. पंगतीत शेजारचा माणूस बूड उचलून जरा पुढं बसतो, तसं तळं रोज उठून जरा पुढं बसत होतं. आधी काठावरचं बाक त्याच्या आत आलं. मग सफरचंदाचं झाड. झाडाला सफरचंदं धरली, ती पाण्याखाली पिकली, आणि आग्नेयी ती गाळणीनं काढून आणायची.

"आत्या," प्रणोती एका सकाळी म्हणाली. घरच्या रीतीनं ती सासूला आत्या म्हणायची. "तुमच्या एका शब्दापायी आम्ही इथं कुजायचं का?"

"माझा कसा? अख्ख्या महाराष्ट्राचा शब्द आहे."

"महाराष्ट्र तिकडं मजेत आहे. अडकलोय आपण."

"तुझ्या माहेरी काय म्हणतात गं निघताना? टाटा?"

"माझ्या माहेरी आई न्हाणीघरात पडलीय. कमरेत चमक भरलीय तिच्या. फलटणला तिला तांब्याभर पाणी द्यायला कुणी नाही."

"तेवढं मला ठाऊक आहे. मी तिला फोनवर शेक घ्यायला सांगितलंय."

"शेक कोण देणार?"

हौसाबाईंनी बटाटा सोलायला घेतला. उत्तर नसलं की त्या काहीतरी सोलायला घेत.

"जयवंत, तू तरी बोल," प्रणोती म्हणाली.

"काय बोलू? इथं काही बोलायची भीती वाटते."

तोवर फाटकापासून सुरू होऊन फाटकापाशी येणारा रस्ता पंधरा पावलांवर आला होता. प्रणोतीनं पर्स खांद्याला लावली, पायांत बूट चढवले, आग्नेयीसमोर उभी राहिली, आणि साध्या आवाजात म्हणाली, "मी जाते."

जयवंतच्या हातातला चमचा पडला. हौसाबाईंनी सोललेला बटाटा पुन्हा सालीत गुंडाळला. आग्नेयीनं मान हलवली, आणि प्रणोतीच्या पलंगावरची चादर काढायला माडीवर चढली.

बाहेर रस्ता चादर झटकावी तसा उलगडला. गाई मागं सरल्या, खिंड आपल्या जागी बसली, बोगदे पुन्हा उघडले. प्रणोती चालत त्यावरून निघाली. मागं वळून तिनं गार्गीला हात केला, पण उलटी चालतच. वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली. मग रस्ता पुन्हा पंधरा पावलांवर आला.

दुपारी तिचा फोन आला.

"पोचले फलटणला."

"एवढ्यात?" जयवंत म्हणाला. "बघितलंस? जमलं! आई, जमलं!"

"आईला बघितलं," प्रणोती फोनवर म्हणाली. "दारातून. ती पलंगावर उठून बसली, मला हात केला."

"मग आत शिर की."

"जयवंत, मला थांबता येत नाहीये."

"म्हणजे?"

"पाय थांबत नाहीत. दार मागं पडलं. आता फलटणही मागं पडलं. मी जातेच आहे."

जयवंतनं फोन टेबलावर ठेवला. त्यातून बराच वेळ पावलांचा आवाज येत राहिला.

हौसाबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी सोपानरावांना सुनवायचं म्हणून बरंच काही जपून ठेवलं होतं, लोणच्यासारखं, वरचेवर हलवून. टाकून दिलंत, दुसरी बघितलीत, पोराचं तोंड तरी आठवलं का. त्या दुपारी त्यातलं निम्मं त्यांना ओतून द्यावं लागलं. ह्या माणसाला थांबायचं नव्हतं असं नाही. त्याला थांबता येत नव्हतं. त्यांनी कालचा थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि कुणाला काही दिसू दिलं नाही.

दोन दिवस जयवंत खिडकीत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तो आईसमोर येऊन बसला.

"ती एकटीच चाललीय, आई."

"हं."

"मी आणि गार्गी तिच्या मागं निघतो. गाडीनं तिला गाठता येईल."

"गाठलीस तरी थांबणार कुठं रे बाळा? तूही थांबणार नाहीस."

"नाही थांबणार. पण एका गाडीत तर बसू."

हौसाबाईंनी त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं.

"तूपण चल," तो म्हणाला. "तुझ्यावाचून नाही निघायचं मला. एकदा म्हण, आई. एकच शब्द आहे."

"मला इथं कामं आहेत."

"कसली?"

"बाईचं सगळं घर पाण्यात चाललंय. तिला कुणी नको का?"

"आई."

"तुझे वडील आले आणि मी सापडले नाही तर?"

"ते बार्शीला येतील, आई. इथं कशाला येतील?"

हौसाबाईंनी सोलायला काही आहे का म्हणून टेबलावर हात फिरवला. काही नव्हतं.

गार्गी पायरीवर बसली होती. पाणी तिच्या बुटांपासून वीतभर होतं. हौसाबाईंनी दहा दिवसांसाठी म्हणून बांधून आणलेल्या डिंकाच्या लाडवांपैकी शेवटचा तिच्या हातात होता, आणि ती त्यावरून एका मुंगीला चालवत होती.

"आजी, हे बघ. हिला वाटतंय ही लांब चाललीय. पण पृथ्वी गोल असते. सरळ चालत राहिलं की आपण मागच्या बाजूनं येतो."

"कुणी सांगितलं?"

"शाळेत."

"मी त्या धड्यापर्यंत पोचले नाही," हौसाबाई म्हणाल्या. मुंगी खालच्या बाजूनं फिरून पुन्हा वर येईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग त्यांनी नातीची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. "लाडू खाऊन टाक. मुंगी काढ आधी."

"आजी, मी म्हणू तो शब्द?"

"म्हण."

"तू रागावशील."

"नाही रागावत. पण मला ऐकू येईल असा म्हणू नकोस."

गार्गी बापापाशी धावली आणि त्याच्या कानात बोलली. जयवंतनं आईच्या पायांना हात लावला. तो मोठ्यानं बोलला, त्याला दुसरा मार्गच नव्हता. आग्नेयीला ऐकू यावं लागत होतं. हौसाबाईंनी कानांवर पदर दाबून धरला. पदराच्या आत त्यांना स्वतःचं रक्त चालताना ऐकू येत होतं. पदर सोडला तेव्हा रस्ता पंधरा पावलांचा होता, आणि वर माडीवर आग्नेयी चादरी झटकत होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "भेटली, आई. तिघं एका गाडीत आहोत."

"जेवलात का?"

"चालत्या गाडीत खातो. समुद्र लागलाय."

"मग?"

"मग काही नाही. गाडी चाललीय. पाणी काचेला लागतंय."

"काचा वर करा. गार्गीचे कान झाकायला सांग प्रणोतीला."

नंतरच्या फोनांत आवाज बारीक होत चालला. एकदा जयवंत वाळवंट म्हणाला. एकदा गार्गी म्हणाली, "आजी, इथं सगळे उलटे झोपतात," आणि हसली. एकदा नुसताच वारा होता. हौसाबाई त्या वाऱ्याला अर्धा तास कामं सांगत बसल्या.

टेबलावर आता दोन कप असत. हौसाबाई रोज सकाळी नऊवारीवर जयवंतचा जाड कोट चढवून दारात उभ्या राहत. तो शब्द म्हणायचाच असं रात्रभर ठरवलेलं असे. तोंड उघडलं की "येते" निघे. त्या पुढच्या दारानं बाहेर पाऊल टाकत आणि ते मागच्या दारानं स्वयंपाकघरात पडे. आग्नेयी चहा ओतत असे.

"हसतेस काय?" हौसाबाई मराठीत विचारत.

"बस," आग्नेयी म्हणे. तेवढं मराठी तिला आलं होतं.

त्या दोघी बोलत नसत. हौसाबाईंनी तिला भाकरी शिकवली; पीठ इथलं, काळपट, तव्यावर सुटेना. आग्नेयीनं त्यांना मोजे विणायला शिकवलं. एका माणसाला दोनच पाय असतात, तरी कपाट मोज्यांनी भरत आलं. बर्फ पडलं. तळ्यावर पडलेलं बर्फ निळं होई, घरावर पडलेलं पांढरं. पाण्यानं पायऱ्या घेतल्या, गाई घेतल्या. त्यांच्या घंटा आता खालून वाजत. शेवटी भिंत आणि पाणी ह्यांच्यामध्ये एक पट्टी तेवढी उरली, एका गाडीच्या रुंदीची आणि घराच्या लांबीची. घर वीस पावलं लांब होतं. हौसाबाईंना फिरायला तेवढं जग होतं. बार्शीत त्यांच्या शब्दाला आठवडी बाजार वचकून होता. इथं त्या गाईंवर ओरडत, आणि खालून घंटा तेवढी वाजे.

एका स्वच्छ सकाळी त्या पट्टीवर बर्फ झाडत असताना त्यांच्या नाकात काहीतरी हुळहुळलं. हा वास इथला नव्हता. ब्याडगी मिरची नव्हे, लवंगी. शिंक दारापर्यंत आली. त्यांनी नाक चिमटीत पकडलं आणि ती परत आत पाठवली. मान वर केली.

घराच्या डाव्या कोपऱ्यावरून सोपानराव येत होते. पांढरा सदरा, खांद्यावर गुंडाळलेला मशीनचा पट्टा, दोन्ही खांद्यांवर लाल भुकटी. त्यांचं वय एवढंसंही वाढलं नव्हतं. फक्त चपला झिजून कागदासारख्या झाल्या होत्या.

"हौसे, तू इथं?"

"तळं बघायला आलेय."

"बरं आहे तळं."

"पाणी हलकं आहे."

ते थांबले नाहीत. हौसाबाईंनी झाडू टाकला आणि त्यांच्या बाजूनं चालू लागल्या. बोलायला वीस पावलं होती. त्यातली चार तळ्याच्या गप्पांत संपली होती.

"पट्टा मिळाला," सोपानराव म्हणाले. "जुन्या मापाचा."

"मशीन बदललं मी. नव्याला पट्टा लागत नाही."

"अस्सं." त्यांनी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"थांबा ना."

"येत नाही गं थांबायला. करून बघितलं."

"घरावरून एकदा तरी यायचं."

"दोनदा गेलो. तू देठ खुडत होतीस."

"मग हाक मारायची."

"मारली. मशीन चालू होतं."

हौसाबाई दोन पावलं नुसत्याच चालल्या. ती वायाच ठरली. जपून ठेवलेल्यातलं उरलेलं निम्मंही त्यांनी तिथंच बर्फावर ओतलं. त्याचा आवाज झाला नाही.

"पोरगा?"

"इंजिनियर आहे. तुमच्यासारखाच फिरतोय."

उजवा कोपरा आला. सोपानराव म्हणाले, "बरं, जातो."

"तसं म्हणू नये."

"मग काय म्हणू?"

सव्वीस वर्षांपूर्वी शिंकेखाली राहिलेलं वाक्य हौसाबाईंच्या तोंडात होतं तसंच होतं, एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

"येतो म्हणा," त्या म्हणाल्या.

सोपानरावांनी क्षणभर विचार केला, चालतच. "येतो," म्हणाले, आणि कोपऱ्याआड वळले.

खिडकीच्या आत आग्नेयीनं तिसरा कप काढला.

हौसाबाई पट्टीच्या उजव्या टोकाला उभ्या होत्या. त्यांच्या छातीतलं मशीन जोरात चालू होतं. एवढ्यात डाव्या कोपऱ्यावर भोंगा वाजला. बर्फावर मिठाच्या पांढऱ्या रेघा ओढत जयवंतची गाडी पट्टीत शिरली. टपावर वाळू होती, काचेला समुद्रातलं गवत चिकटलं होतं. पट्टी अरुंद म्हणून गाडी माणसाच्या चालीनं येत होती, पण येत होती. मागचं दार उघडं होतं. गार्गी अर्धी बाहेर वाकली होती; तिची वेणी हौसाबाईंनी घातली होती तशीच घट्ट होती.

"आजी! मी सांगितलं होतं ना, मागच्या बाजूनं येतो!"

"आत्या, चला!" प्रणोती पुढून ओरडली. "थांबता येणार नाही!"

"आई, म्हण!" जयवंत म्हणाला. त्याचे दोन्ही हात चाकावर होते. "न म्हणता बसलीस तर पुन्हा इथंच उतरशील. ह्या खेपेला म्हण."

गाडीनं सात पावलं ओलांडली होती. आठ.

घरात मागच्या दारानं झिजलेल्या चपला वाजल्या. खुर्ची सरकली. माणूस बसला; पट्टा टेबलावर ठेवल्याचा जड आवाज आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती पावलं थांबली होती.

"हौसे," आतून सोपानराव म्हणाले, "चहा निवतोय."

बारा. तेरा. हौसाबाई कोपऱ्यावरून दारापर्यंत मागं आल्या. गार्गीनं हात लांब केला. तिच्या बोटांना डिंकाच्या लाडवाचा वास होता. हौसाबाईंनी एका हातानं तो हात धरला, आणि दुसऱ्या हातानं दाराची चौकट. गाडी चालत होती आणि त्या मधे ताणून लांब होत होत्या. पाणी पावलाला लागलं. आत आग्नेयी कपात साखर ढवळत थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

हौसाबाईंनी तोंड उघडलं. जीभ उचलली आणि दातांच्या मागं टेकवली, जिथं त्या शब्दासाठी ती सव्वीस वर्षं टेकली नव्हती. आणि नाकात लवंगी मिरची हुळहुळू लागली.